मामांचा पासवर्ड

आटपाडीत पोरांना बुद्धिबळ शिकवणारे एक निवृत्त शिक्षक आणि सांगलीत ऑनलाइन शिकवणी घेणारी त्यांची भाची, या दोघांचं हे भांडण. माणसं मी जुळवलेली आहेत. स्पर्धेच्या हॉलबाहेर पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर तासभर बसलं की यातलं निम्मं भांडण आयतंच कानावर पडतं. उरलेलं निम्मं माझ्या पदरचं. कायदे, खटले आणि गावचा इतिहास मात्र जसा आहे तसा दिला आहे.

निमित्त असं झालं. भाचीनं हत्तीच्या एंडगेमवर मराठीत धडे तयार केले आणि नऊशे रुपयांना विकायला काढले. चेसबेस या प्रोग्रॅममध्ये डाव, टिपा, आकृत्या सगळं एका फाइलीत बांधता येतं. साधी फाइल असेल तर ती ‘सीबीव्ही’, पासवर्ड लावलेली असेल तर ‘सीबीझेड’. मामांना तिनं एक प्रत पासवर्डसकट फुकट दिली. मामांनी फाइल आणि पासवर्ड दोन्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठल्याशा टेलिग्राम चॅनलवर गेले, आणि तिथं हजारो सभासद. कार्तिकात उत्तरेश्वराच्या जत्रेला भाची आटपाडीला आली, ती हा राग सोबत घेऊनच.

भाची : मामा, मी ते तुम्हाला दिलं होतं. तुमच्या ग्रुपला नाही.

मामा : अगं, मला दिलंस ते कशासाठी? या वयात तुझ्या धड्यातली ल्युसेना पोझिशन पाठ करून मी कुठं खेळायला जाणाराय? मास्तरला दिलेलं पुस्तक वर्गातच जायचं. ते तुला माहीत होतं.

भाची : वर्गात दाखवा की! पटावर मांडा, मोबाइलवर लावा, त्यातली कोडी परीक्षेला घाला. त्यासाठीच दिलं होतं. पासवर्ड वाटायला सांगितलं नव्हतं.

मामा : फरक काय पडला?

भाची : तुम्ही शिकवता तेव्हा मध्ये तुम्ही असता. फाइल गेली की मध्ये कुणीच नसतं. सीबीझेडला पासवर्ड एकदाच लागतो, उघडताना. उघडली की आतला डेटाबेस मोकळा. पुन्हा साध्या सीबीव्हीत बांधून कुणीही कुणालाही पाठवावा. टेलिग्रामवर आता पासवर्डसुद्धा लागत नाही. माझं नाव असलेली पहिली पाटी तेवढी कुणीतरी काढून टाकलीय.

मामा : म्हंजी तुझं कुलूपच कच्चं.

भाची : कुलूप कच्चं हे मला ठाऊक होतं. पासवर्ड लावला तो सांगण्यासाठी, की बाबांनो, हे विकत घेतलेलं आहे, जरा सांभाळून.

मामा : मग तसं लिहायचं होतंस. पोरं पासवर्ड वाचत्यात, सूचना न्हाय वाचत.

(मामांचं हे खरं आहे. अटी वाचल्या, असं सांगणाऱ्या चौकटीवर आपण सगळेच डोळे झाकून टिचकी मारतो.)

मामा : बरं, आता माझं ऐक. वर्गात पाच पोरं हायेत. एकाचा बाप ऊसतोडीला जातोय. एकीची आई डाळिंबाच्या बागेत रोजानं. एक स्पर्धा खेळायची तर एन्ट्री फी, सांगलीपर्यंतची एसटी, दोन दिवसांचं जेवण, बरोबर एक मोठं माणूस, त्याचा बुडालेला रोज. हे सगळं झाल्यावर नऊशे रुपये कुठनं काढू?

भाची : पण नऊशे रुपयांचं त्यांना लागतं कशाला? त्यांचं मानांकन किती? एकालाही अजून मिळालेलं नाही. फिडेनं मार्च 2024 पासून मानांकनाचा तळच 1400 वर नेलाय, त्यामुळे पहिलं मानांकन मिळवणंच अवघड झालंय. तिथपर्यंत पोचायला जे लागतं ते सगळं फुकट पडलंय. लीचेस आहे, तिबो द्युप्लेसी या फ्रेंच माणसानं 2010 मध्ये काढलेलं. जाहिरात नाही, वर्गणी नाही. कोडी सोडवा, डाव तपासा, स्वतःचे धडे बांधा. मार्क क्राउदर 1994 पासून दर आठवड्याला जगभरचे डाव गोळा करून देतोय, तेही फुकट. स्टॉकफिशसारखं इंजिन फुकट. माझ्या लहानपणी यातलं काही हाताशी नव्हतं. मामा, राग मानू नका, पण विकतचा कोर्स फुकट मिळाला की शिकवणाऱ्यालाच जास्त आनंद होतो. पोरगं पहिले दोन धडे बघतं आणि रील बघायला जातं.

मामा : हे बोललीस ते बरं केलंस. आता सांग, यातलं मराठीत किती हाय?

भाची : …

मामा : बटणं असतील मराठीत. पण हत्ती कुठं धरायचा, का धरायचा, कधी सोडायचा, हे सांगणारं माणूस इंग्रजीत बोलतंय. माझी सहावीतली पोरगी चाल बघून समजून घेती, पण त्यामागचं कारण समजत न्हाय तिला. तुझ्या धड्यात पहिल्यांदा तिनं मला सांगितलं, ‘सर, हत्तीनं वाट बघायची असते.’ जे फुकट मिळतं ते तिला कळत न्हाय, आणि जे कळतं त्याला तू कुलूप घातलंस.

मला या भांडणातली खरी गाठ इथं दिसते. इंग्रजीतला एंडगेमचा कोर्स जगभर विकला जातो. त्याच्या शंभर प्रती चोरीला गेल्या तरी करणारा पुढचा कोर्स करतो. मराठीतल्या धड्यांना गिऱ्हाईक मुळात मोजकंच. तिथं चोरीला गेलेली प्रत धडे करणाऱ्याला जास्त लागते, आणि ज्याला प्रत मिळत नाही त्याचंही जास्त अडतं. मोठ्या कंपनीचा पासवर्ड वाटला तर मला तेवढी झोप उडण्यासारखी गोष्ट वाटत नाही. मराठीत एकटीनं बसून काम केलेल्या बाईचा वाटला तर वाटते. हा भेदभाव आहे, आणि तो मी करणार.

मामा : आणि कायद्याचा धाक घालू नकोस. मी वाचून बसलोय. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी म्हणून झेरॉक्सचं दुकान. तिथं प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं काढून, बांधून पोरांना मिळायची. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस, सगळे मिळून दुकानदारावर धावले. 16 सप्टेंबर 2016 ला न्यायमूर्ती एंडलॉ यांनी दावाच फेटाळला. कॉपीराइट हा काही देवानं दिलेला हक्क न्हाय, असा निकालाचा सूर. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात प्रत काढली तर कलम 52 खाली तो गुन्हाच न्हाय.

भाची : पुढचं पान वाचलं नाहीत. त्याच डिसेंबरात खंडपीठानं तत्त्व मान्य केलं, पण शिकवायला लागतं तेवढंच घेतलं का हे तपासायला दावा परत खाली पाठवला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनीच तो मागं घेतला, म्हणून ते तपासायचं राहूनच गेलं. आणि तिथं प्रकरणं होती. तुम्ही अख्खी फाइल दिलीत.

मामा : शिकवायला अख्खीच लागती मला.

भाची : टेलिग्रामच्या हजारो लोकांना शिकवता का?

मामा : तो माझा हात न्हाय. ग्रुपवरनं कुणी नेलं त्याला मी काय करणार?

भाची : त्याच कायद्यात 2012 मध्ये आणखी एक कलम घातलंय, 65 अ. हक्क मोडायच्या हेतूनं डिजिटल कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मामा : हेतू! पोरांना शिकवणं हा हेतू.

भाची : त्यालाही वाट ठेवलीय. ज्याला कायद्यानं मनाई नाही अशा कामासाठी कुलूप उघडलं तर चालतं. पण दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्यानं नोंद ठेवायची. कुणाला दिलं, त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कारण.

मामा : रजिस्टर?

भाची : रजिस्टरच.

इथं मामांचा चेहरा उजळला असणार. ज्या माणसानं सगळी नोकरी हजेरीपट, दाखले आणि शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहिण्यात काढली, त्याला कायदा म्हणतो की वाटायचं तर वाट, पण वही ठेव. सगळ्या कलमात मास्तरला उमजेल अशी हीच एक तरतूद, आणि ती सहसा कुणी उच्चारत नाही. एक खरं, की पासवर्ड सांगणं म्हणजे कुलूप ‘चुकवणं’ होतं का, यावर दोन वकील तीन मतं देतील. पण त्यावाचूनही विनापरवाना प्रती वाटणं हा कलम 63 खाली गुन्हा आहेच: सहा महिने ते तीन वर्षं, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढाच दिलासा. आटपाडीच्या मास्तरवर कुणी खटला भरणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणूनच तर प्रश्न नीतीचा उरतो.

मामा : कंपन्यांची नीती तरी कुठं धुतल्या तांदळासारखी हाय? चेसबेसवाल्यांनी फॅट फ्रिट्झ 2 नावाचं इंजिन विकलं, आतलं यंत्र स्टॉकफिशचं. फुकट वाटायला केलेलं काम बाटली बदलून विकायचं, आणि आम्ही पासवर्ड दिला की चोर!

भाची : त्यात त्यांचं चुकलंच. पण त्या प्रकरणातून तुम्ही भलतंच शिकलात, मामा. स्टॉकफिश फुकट आहे, पण त्याला अटी आहेत: पुढं देताना मूळ कोड उघडा ठेवा आणि काम कुणाचं आहे ते सांगा. अट मोडली म्हणून स्टॉकफिशवाल्यांनी 2021 मध्ये जर्मनीत दावा लावला, नोव्हेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि विक्री थांबवावी लागली. म्हणजे फुकट वाटणारे लोकसुद्धा कॉपीराइटच्याच जोरावर उभे राहिले. करणाऱ्यानं घातलेली अट पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं वेगळं काय आहे?

मामांना याचं उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलेलं नाही. मास्तर माणूस मात्र उत्तर नसलं की इतिहासात शिरतो.

मामा : तू या गावची भाची हायेस हे विसरू नकोस. आटपाडी औंध संस्थानातली. पंतप्रतिनिधींच्या काळात, 1939 मध्ये, इथनं जवळच स्वतंत्रपूर वसवलं. जन्मठेपेचे कैदी, बायकापोरांसकट, शेती करत राहायचे. भिंत न्हाय, गज न्हायत. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा माणूस त्यात होता. शेटफळ्याच्या गदिमांनी त्यावरनंच ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिला. खुनाच्या गुन्ह्यातल्या माणसांवर ज्या मातीत विश्वास टाकला, तिथं सहावीतल्या पोरीला पासवर्ड मागायला लावतेस?

भाची : स्वतंत्रपुरात विश्वास टाकणारा कैद्याला ओळखत होता. नाव माहीत, घर माहीत, पोरं माहीत. मी तुमच्यावर तसाच विश्वास टाकला, म्हणून तुम्हाला पासवर्ड दिला. तुमच्या पाचांवरही टाकला असता, तुम्ही नावं सांगितली असती तर. टेलिग्रामवरच्या ‘चेस किंग’ नावाच्या खात्याला मी ओळखत नाही.

मामा : विद्या अडवून कधी वाढली न्हाय गं. पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी त्रिवेंगडाचार्य शास्त्री होते, तिरुपतीकडचे. त्यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ लिहिली. 1814 मध्ये मुंबईत ती इंग्रजीत छापली. कुठला पासवर्ड होता त्याला? आणि आपल्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, उन्हाळ्याच्या उन्हाळ्यात स्पर्धा भरवल्या, जन्म घातला त्यात. पोरांकडनं नऊशे रुपये धडा, असं म्हणाले का?

भाची : शास्त्र्यांना बाजीरावानं पोसलं. भाऊसाहेबांच्या मागं गाव उभं राहिलं, मंडळ होतं, देणगीदार होते. मला कोण पोसतो?

मामा : तसं न्हाय म्हणत मी.

भाची : तसंच होतं ते. तुम्ही माणदेशी शब्दांची पुस्तिका काढली, तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरली, तुम्हाला केवढा आनंद! सगळ्यांना सांगत होतात, ‘अमेरिकेत पोचली.’ कारण महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होत होती. फुकट देणाऱ्याच्या मागं कुठंतरी पगार चालू असतो, मामा. लीचेससुद्धा लोकांच्या देणग्यांवर चालतं. माझ्यामागं तीन बॅचेस आहेत आणि घराचा हप्ता.

मामा : पेन्शन काढलीस.

भाची : काढली. कारण तुम्ही ती मोजत नाही.

पुढचा थोडा वेळ दोघं बोलले नसावेत. मग मामा वळले ते थेट पाण्यावर, आणि आटपाडीत बोलणं पाण्यावर आलं की माणूस आपल्या मैदानात येतो.

मामा : 1993 पासून या गावात पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा, भारत पाटणकर, सगळे. मागणी काय होती? पाणी समन्यायी वाटा, जमीन नसलेल्यालाही वाटा द्या. लोक हसायचे, की आधी पाणी आणा तर खरं. टेंभूचं पाणी आलं शेवटी. कृष्णेचं पाणी पंपांनी वर चढवून माणदेशात आणलं.

भाची : आणि विजेचं बिल?

मामा : सरकारनं ठरवलं. एक्याऐंशी टक्के सरकार, एकोणीस टक्के शेतकरी.

भाची : म्हणजे समन्यायी पाण्यालाही पट्टी आहे.

मामा : हाय की! मी कुठं म्हणतो नसावी? पण शंभर टक्के न्हाय. तुझ्या नऊशेचे एकोणीस टक्के किती?

भाची : एकशे एकाहत्तर.

मामा : एवढे माझी पोरं देतील. मी वसूल करून देतो.

भाची : आणि उरलेल्या एक्याऐंशी टक्क्यांचं सरकार कोण? मीच?

मामा : पुण्यातली पोरं. अमेरिकेतली मराठी पोरं. त्यांना दीड हजार लाव. तुला कोण अडवतंय?

भाची : पुण्यातलं पोरगं मग आटपाडीच्या मावशीचा पत्ता घालून एकशे एकाहत्तरला घेतं. तुमच्यासारखा एक मामा सगळ्यांना असतो.

या घासाघिशीला हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. किंमत ऐपतीप्रमाणे लावणं हे पासवर्ड वाटण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, कारण त्यात कुणीतरी कुणाचीतरी ऐपत विचारावी लागते. पासवर्डाची गंमतच ही, की तो कुणाला काही विचारत नाही. बागायतदाराचा आणि ऊसतोड्याचा पोरगा एकाच सहा अक्षरांनी आत जातात.

भाचीनं मग एक मुद्दा काढला, जो मला जास्त पटला, कारण त्यात कुणाच्या पैशाचा संबंध नाही. मामांच्या वर्गात आणखी एक सामाईक खातं आहे, चेसेबलचं. कुणा पालकानं कोर्स घेतला आणि पाची पोरं आळीपाळीनं त्यावर बसतात.

भाची : चेसेबल पाठांतर कसं करून घेतं ते बघितलंत का? एक चाल बरोबर आली की ती चार तासांनी, मग दिवसानं, मग तीन दिवसांनी, असं अंतर वाढवत परत विचारतं. चुकलं की अंतर पुन्हा पहिल्यापासून. ते एका डोक्याचा हिशेब ठेवतं. तुमच्याकडं पाच डोकी बसतात. सोमवारी ज्याला येतं तो बरोबर उत्तर देतो, खातं समजतं ‘हिला आलं’, आणि ती ओळ आणखी पुढं ढकलतं. मंगळवारी तुमची सहावीतली बसते, तिला ती ओळ दिसतच नाही. तिला वाटतं कोर्स झाला. यात कंपनीचं काही जात नाही, जातं ते तिचंच.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं.

भाची : त्याच कंपनीचे फुकट छोटे कोर्स आहेत. प्रत्येकाला वेगळं खातं काढून द्या. इंग्रजीत आहेत, पण वर मराठीत तुम्ही सांगा. तेवढं तर तुम्हाला येतं.

मामांनी हे ऐकून घेतलं. पण त्यांच्याकडं एक मोहरा राखून ठेवलेला होता, आणि तो त्यांनी आता बाहेर काढला.

मामा : चौथा धडा उघड.

भाची : कुठला?

मामा : फिलिडोर. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, काळ्यानं बरोबरी राखायची. काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीत धरायचा. पांढऱ्याचं प्यादं सहाव्या ओळीत आलं, की मगच हत्ती खाली उतरवायचा आणि मागनं शह द्यायचे. बरोबर? 1777 सालापासनं माहीत हाय जगाला. तू त्यात चुकीचं उदाहरण म्हणून एक डाव दिलायस. काळ्यानं घाई केली, प्यादं पाचव्या ओळीत असतानाच हत्ती खाली नेला. पांढरा राजा वर शिरला, डाव गेला. शीर्षक दिलंस, ‘ग्रामीण भागातील एका खेळाडूची चूक’.

भाची : हो. मग?

मामा : तो डाव आपल्या पोराचा. सांगलीत हरला तेव्हाचा. ऊसतोडीवाल्याचा. एसटीत येताना खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्याची डाव लिहिलेली चिठ्ठी तू माझ्याकडनंच फोटो काढून नेलीस.

भाची : मामा, चालींवर कुणाचा हक्क नसतो. 2016 मध्ये कार्लसन–कार्याकिन सामना झाला, तेव्हा आयोजकांनी दुसऱ्या संकेतस्थळांना चाली दाखवायला बंदी करायचा प्रयत्न केला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी मनाई दिली नाही. चाल खेळली की ती जगाची.

मामा : व्हय. चाल जगाची. आणि त्या चालीवर तू लिहिलेली चार वाक्यं तुझी. त्याची चूक फुकट, तुझं स्पष्टीकरण नऊशे रुपये.

भाची : स्पष्टीकरणाला मेहनत लागते.

मामा : चूक करायला पण लागती. साडेतीन तास बसला होता.

भाचीचा कायदा इथंही शंभर टक्के बरोबर होता. मामा जे म्हणत होते ते कायद्याच्या बाहेरचं होतं, आणि मला वाटतं, भाची पासवर्डाबद्दल जे म्हणत होती तेही तसंच होतं. दोघांची तक्रार शेवटी एकच: मला विचारलं नाही. प्रश्न नावाचाही आहे. ल्युसेनाच्या नावानं ओळखली जाणारी पोझिशन ल्युसेनाच्या 1497 च्या पुस्तकात नाहीच. छापलेली सापडते ती 1634 च्या साल्व्हिओच्या पुस्तकात. नावं चुकीच्या माणसाला चिकटतात आणि तशीच राहतात. ‘ग्रामीण भागातील एक खेळाडू’ याला तर नावही नाही.

भाची : नाव घालते त्याचं.

मामा : हरलेल्या डावावर नाव? आधी विचार त्याला. त्याच्या आईलाही विचार.

भाची : विचारते. आणि त्याला, त्या सहावीतलीला, अजून ज्यांना परवडत नाही त्यांना, प्रत्येकाला मी वेगळी फाइल देते. प्रत्येक पानावर त्याचं नाव येईल. फुकट. टेलिग्रामच्या चॅनलला तक्रार मी करते. तुम्ही ग्रुपवर लिहा की जुनी फाइल काढून टाका. पण पाचवा?

मामा : पाचवा काय?

भाची : त्याच्या बापाची डाळिंबं दुबईला जातात. नवी गाडी दारात उभी आहे. तो नऊशे देऊ शकतो. तोही फुकटच बघतोय.

मामा : चौघांना फुकट आणि एकाकडनं पैसे, हे वर्गात चालत न्हाय. एकाचे घेतले की बाकीच्या चौघांना कळतं की आपल्याला माफी हाय. आठवीतली पोरं बारीक असतात यात. चाळीस वर्षं मी गणवेशाच्या याद्या वाचल्यात, नाव वाचलं की पोराची मान कशी खाली जाते ते बघितलंय. म्हणून तर सगळ्यांना एकदम टाकलं.

भाची : म्हणजे चौघांची मान खाली जाऊ नये, म्हणून पाचव्याच्या बापाचे पैसे मी सोडायचे.

मामा : बंद पाकिटात घेऊ. ज्याला जे जमेल ते.

भाची : आटपाडीत पाकीट बंद राहतं?

मामा : न्हाय राहत. … तूच बोल त्याच्या बापाशी. माल तुझा. वर्गात काही कळायचं न्हाय, परस्पर फोनवर मिटव.

भाची : चालेल. आत्ताच करते. नंबर द्या त्यांचा.

मामा : नंबर? असा कसा देऊ, त्याला न विचारता?